गॅलिकचं नाव स्कॉट्सला कसं चिकटलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ग्लासगोत येऊन तुम्हाला दोन वर्षं झाली आहेत. आठ वर्षांची मुलगी शाळेसाठी स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची एक कविता पाठ करते आहे. यजमान म्हणतात ही गॅलिक. शेजारच्या आजीबाई म्हणतात, कसली गॅलिक, हे आमचं गावंढळ इंग्रजी. आणि क्वीन स्ट्रीट स्टेशनवर इंग्रजीखाली जी दुसरी पाटी आहे, ती त्या कवितेशी कुठेच जुळत नाही. मग स्कॉट्स ही गॅलिकमधून निघाली, की गॅलिक आणि इंग्रजी मिळून झालेली खिचडी आहे? शिवाय मुलीला गॅलिक माध्यमात घालावं का, हेही तुम्ही जाता जाता विचारलं आहे.

कविता स्कॉट्स आहे आणि पाटी गॅलिक. एकीतून दुसरी निघालेली नाही आणि खिचडी तर नाहीच नाही. स्कॉट्स इंग्रजीची सख्खी बहीण, गॅलिक आयरिशची सख्खी बहीण. दोघी एकाच वाड्यात हजार-बाराशे वर्षं राहिल्या, एवढंच. पण तुमच्या घरात जो गोंधळ झाला तो अडाणीपणाचा नाही, कारण ‘स्कॉट्स’ हे नाव पूर्वी खरोखरच गॅलिकचं होतं. ते पुढे शेजारणीनं घेतलं. ते कसं, हे सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

आधी माझा अनुभव सांगते, म्हणजे मी कुठल्या बाजूनं बोलते ते कळेल. मी वीसेक वर्षं ॲबर्डीनच्या आसपास दुभाष्याचं काम करते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी. बहुतेक रुग्णालयांत, अधूनमधून कोर्टात. सुरुवातीच्या दिवसांत मुलाकडे आलेल्या एका काकूंसोबत दवाखान्यात गेले होते. नर्स आपुलकीनं वाकून काकूंना म्हणाली, ‘फिट्स सेर, क्वाइन?’ मी क्षणाचाही विचार न करता भाषांतर केलं, ‘काकू, त्या विचारतायत तुम्हाला फिट येते का?’ काकू उसळल्या. ‘आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाला फिट येत नाही!’ नर्सनं विचारलं होतं, ‘काय दुखतंय, बाई?’ त्या भागातल्या स्कॉट्समध्ये, तिला डोरिक म्हणतात, इंग्रजीतल्या ‘व्हॉट’चं ‘फिट’ होतं, ‘व्हेअर’चं ‘फार’, ‘व्हेन’चं ‘फॅन’. ‘सेर’ म्हणजे दुखरं आणि ‘क्वाइन’ म्हणजे मुलगी, बाई. कळलं नाही तर विचारून घ्यायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी मोडला, कारण शब्द मला कळला आहे असंच वाटलं होतं. स्कॉट्सचा खरा धोका हाच. ती इंग्रजीच्या इतकी जवळची आहे की न कळलेलंही कळल्यासारखं वाटतं. गॅलिक ऐकताना अशी फसगत होत नाही, कारण तिथे पहिल्यापासून काहीच कळत नाही.

उच्चाराचंही सांगून टाकते. मराठीत आपण ‘गेलिक’ लिहितो. आयर्लंडच्या संदर्भात ते चालतं. स्कॉटलंडमध्ये मात्र ती बोलणारी माणसं इंग्रजीत बोलतानासुद्धा ‘गॅलिक’च म्हणतात. म्हणून मी तेच लिहिते.

दोन्ही भाषा वेगळ्या घराण्यातल्या, हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक पडताळा घेऊ. तो मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपा जातो, कारण आपल्या हाताशी संस्कृत असतं. गाईला संस्कृतात ‘गो’, स्कॉट्समध्ये ‘कू’, गॅलिकमध्ये ‘बो’. स्त्रीला वैदिक संस्कृतात ‘जनी’, स्कॉट्समध्ये तीच मघाची ‘क्वाइन’, गॅलिकमध्ये ‘बेन’. जिवंत म्हणजे ‘जीव’, गॅलिकमध्ये ‘ब्यो’. आणि इंग्रजी-स्कॉट्समधल्या ‘क्विक’चा मूळ अर्थ चपळ नव्हे, जिवंत. आता तिन्ही ओळींचं पहिलं अक्षर पाहा. आपल्याकडे ग किंवा ज, स्कॉट्सकडे क, गॅलिककडे ब, आणि हे तिन्ही वेळा. मूळ इंडो-युरोपीय भाषेतला एकच ध्वनी जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-स्कॉट्सच्या घराण्यात क झाला आणि केल्टिक, म्हणजे आयरिश-गॅलिकच्या घराण्यात ब. स्कॉट्स गॅलिकमधून निघाली असती तर गाईला ‘बो’सारखं काहीतरी म्हणाली असती. ती ‘कू’ म्हणते. गंमत म्हणजे ‘कू’चं अनेकवचन आहे ‘काय’. एक कू, दहा काय. मराठी कानाला ते ‘गाय’च्या इतकं जवळ येतं की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते.

वाक्यरचना तर आणखी लांबची. ‘मला माहीत नाही’ हे स्कॉट्समध्ये ‘आय डिना केन’. इंग्रजी येणाऱ्याला हा सांगाडा ओळखता येतो. ‘केन’ हे आपल्या ‘ज्ञा’, ‘जाण’चं भावंड. गॅलिकमध्ये म्हणतात ‘खान एल इस अकम’, शब्दशः ‘नाही आहे जाण माझ्यापाशी’. क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच आणि ‘माझ्यापाशी’ हा एकच शब्द. त्यातला ‘इस’ हा मूळचा ‘फिस’, आणि तो आपल्या ‘विद्’, ‘वेद’च्या धातूतला. गॅलिकमध्ये ‘असणे’ आहे, पण इंग्रजीचं ‘हॅव’ नाही. पुस्तक ‘माझ्यापाशी असतं’, भूक ‘माझ्यावर असते’. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला भूक लागली’ असं जन्मापासून बोलणाऱ्यांना हे शिकायला मुळीच जड जात नाही. संध्याकाळच्या गॅलिक वर्गात माझ्या शेजारचे स्कॉटिश निवृत्त इंजिनियर जिथे कपाळाला हात लावायचे, तिथे मी सरळ पुढे जायचे. माझी गाडी अडायची ती शब्दाच्या पहिल्याच अक्षराच्या बदलण्यावर. आई म्हणजे ‘माहिर’, पण माझी आई म्हटलं की ‘मो वाहिर’. शब्दकोशात शब्द शोधायचा तरी कुठे!

आता इतिहासाकडे येते.

आठव्या शतकात बीड नावाच्या साधूनं ब्रिटनचा इतिहास लिहिला, तो ७३१ साली पुरा झाला. त्यात त्यानं या बेटावरच्या पाच भाषा मोजल्या आहेत: इंग्रज, ब्रिटन (म्हणजे वेल्श लोकांचे पूर्वज), स्कॉट आणि पिक्ट (उत्तरेकडचे जुने रहिवासी) या चार लोकांच्या चार, आणि पाचवी लॅटिन. यातले ‘स्कॉट’ म्हणजे आयर्लंडचे आणि पश्चिम किनाऱ्यावर आर्गाइलमध्ये राहणारे गॅलिक बोलणारे लोक. लॅटिनमधला ‘स्कोटी’ हा शब्द त्यांच्यासाठीच होता. समुद्राच्या दोन्ही काठांवर त्यांचं डाल रियाटा नावाचं राज्य होतं. त्यांच्याच मुलखात, आयोना नावाच्या चिमुकल्या बेटावर, ५६३ साली कोलंबा हा आयरिश साधू येऊन राहिला आणि तिथून मठ, लिपी आणि धर्म उत्तरेत पसरला. गॅलिक पसरली ती तलवारीइतकीच, कदाचित जास्तच, या मठांमुळे. इ. स. ९०० च्या सुमारास पिक्ट आणि गॅलिक बोलणारे यांचं मिळून ‘अल्बा’ राज्य उभं राहिलं. त्यात पिक्ट भाषा हळूहळू नाहीशी झाली आणि गॅलिक राजाची, चर्चची आणि शेतकऱ्याची भाषा झाली. अकराव्या शतकात तिचा पल्ला सर्वांत मोठा होता. आज जिथे कुणी गॅलिकचा एक शब्द बोलत नाही, तिथेही गावांची नावं सांगतात. ‘बाल’ म्हणजे वस्ती, ‘किल’ म्हणजे चर्च, ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचं मुख, ‘ऑख्टर’ म्हणजे वरचा भाग. एडिनबरा शहरातले डॅलरी, बालेर्नो, क्रेगेंटिनी हे भाग गॅलिक नावांचेच आहेत.

स्कॉट्सची मुळं मात्र याच काळात आग्नेय कोपऱ्यात रुजत होती. सातव्या शतकात नॉर्थम्ब्रियाचे, म्हणजे आजच्या उत्तर इंग्लंडकडचे, अँगल लोक एडिनबराच्या आसपासच्या लोदियनपर्यंत आले आणि त्यांची जुनी उत्तर-इंग्रजी तिथे स्थिरावली. डमफ्रीसशायरमध्ये रुथवेल गावच्या चर्चमध्ये आठव्या शतकातला एक उंच दगडी क्रूस आहे. त्याच्या कडांवर रून लिपीत त्याच बोलीतल्या काव्याच्या ओळी कोरल्या आहेत. म्हणजे ‘१७०७ मध्ये इंग्लंडशी राज्य एक झाल्यावर इंग्रजी स्कॉटलंडवर लादली गेली’ असं जे सरसकट बोललं जातं, ते तितकं साधं नाही. तिची बहीण तिथे हजार वर्षं आधीपासून होती.

मग फासा उलटला कसा? इथे लढाई शोधायला जाल तर सापडणार नाही. मला विचाराल तर उत्तर बाजारपेठेत आहे. राजा पहिला डेव्हिड, ज्याचा काळ ११२४ ते ११५३, यानं सनदा देऊन व्यापारी नगरं वसवली. बेरिक, रॉक्सबरा, एडिनबरा, स्टर्लिंग ही त्यातली सुरुवातीची. तिथे राहायला आले उत्तर इंग्लंडचे आणि फ्लँडर्सचे व्यापारी-कारागीर. दरबारात नॉर्मन सरदार फ्रेंच बोलत, पण वजनं-मापं, उधारी, लोकर आणि मासळीचा व्यवहार उत्तर-इंग्रजीत होई. त्यात उत्तर इंग्लंडहून आलेले नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतले, शब्द मिसळलेले होते. म्हणून स्कॉट्समध्ये चर्चला ‘किर्क’ म्हणतात. ग्लासगोतल्या ‘गॅलोगेट’मधल्या ‘गेट’चा अर्थ दरवाजा नाही, रस्ता आहे, तोही नॉर्सच. आसपासच्या खेड्यातला गॅलिक शेतकरी बाजाराला आला की त्याला ती भाषा लागे, आणि त्याच्या नातवाला फक्त तीच येई. पूर्व किनाऱ्यावर आणि सखल भागात हे दोन-तीनशे वर्षं चाललं.

त्या संधिकालाचं एक चित्र जुन्या इतिवृत्तांत आहे. १२४९ साली स्कोन इथे सात वर्षांचा तिसरा अलेक्झांडर गादीवर बसला. सोहळा सुरू असताना डोंगराळ भागातला एक वृद्ध कवी पुढे आला, गुडघे टेकून बसला आणि त्यानं गॅलिकमध्ये राजाची वंशावळ पार मूळ पुरुषापर्यंत म्हणून दाखवली. भोवतीच्या सरदारांपैकी कितींना ती समजली असेल? राजेपणाचा मंत्र अजून गॅलिकमध्ये होता. कारभाराची भाषा दुसरीच झाली होती.

आता नावाची गोष्ट. सखल भागातले लोक स्वतःच्या भाषेला बराच काळ ‘इंग्लिस’ म्हणत, आणि ‘स्कॉटिस’ म्हणजे गॅलिक. १३७५ मध्ये जॉन बार्बरनं स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावर दीर्घकाव्य लिहिलं. इंग्लंडविरुद्धच्या लढाईचं हे काव्य ज्या भाषेत आहे तिला तेव्हाचे लोक ‘इंग्लिस’च म्हणत, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. १४२४ पासून संसदेचे कायदे याच भाषेत लिहिले जाऊ लागले. ती राज्याची भाषा झाली, तिच्यात दरबारी काव्य झालं, आणि मग शत्रुराज्याचं नाव तिला शोभेना. १५व्या शतकाच्या अखेरीस ‘स्कॉटिस’ हे नाव तिच्यासाठी वापरात येऊ लागलं. १५१३ मध्ये कवी गॅविन डग्लसनं रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्याचं भाषांतर पूर्ण केलं तेव्हा आपण दक्षिणी इंग्रजीत नाही, स्कॉट्समध्ये लिहितो आहोत असं त्यानं प्रस्तावनेत बजावून सांगितलं. मग मूळच्या स्कॉटिसला काय म्हणायचं? तिला ‘एर्श’ म्हणजे आयरिश म्हणू लागले. ज्या लोकांनी देशाला नाव दिलं, त्यांची भाषा त्यांच्याच देशात परक्याची ठरली. तुमच्या यजमानांना सांगा, पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी त्यांचं म्हणणं नावापुरतं तरी बरोबर ठरलं असतं.

या नावांच्या घालमेलीचे दोन नमुने तर आपल्या ओळखीचे आहेत. महाबळेश्वरची माल्कम पेठ ज्याच्या नावाची, तो मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या एस्कडेलचा. तो अस्सल स्कॉट्सचा मुलूख. पण ‘माल्कम’ हा शब्द गॅलिक, ‘कोलंबाचा मुंडन केलेला भक्त’. म्हणजे आयोनाच्या त्या साधूचं नाव महाबळेश्वरापर्यंत पोचलं आहे. आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा, साताऱ्याचा ग्रँट डफ बान्फचा, म्हणजे ऐन डोरिकच्या प्रदेशातला. ‘ग्रँट’ फ्रेंचमधून आलेलं, त्याचा अर्थ मोठा. ‘डफ’ गॅलिक ‘दुव’मधून, म्हणजे काळा. गावची बोली स्कॉट्स, ग्रंथ इंग्रजीत. एका माणसाच्या दोन शब्दी नावात तिथल्या भाषांचे थर असे एकावर एक बसलेले आहेत.

पुढची कहाणी दोघींच्याही पडझडीची आहे, पण दोघी वेगवेगळ्या तऱ्हेनं पडल्या. प्रश्नाचा गाभा माझ्या मते इथे आहे.

गॅलिकशी उघड वैर झालं. हेब्रिडीजच्या बेटांवरची अर्धस्वतंत्र सत्ता १४९३ मध्ये राजानं खालसा केली. १६०९ मध्ये बेटांवरच्या सरदारांकडून आयोनात काही कलमांवर सह्या घेतल्या. त्यातलं एक असं की ज्याच्याकडे साठ गुरं असतील त्यानं थोरला मुलगा, मुलगा नसेल तर थोरली मुलगी, सखल भागातल्या शाळेत धाडायची, इंग्रजी बोलता-लिहिता येईपर्यंत. कलमात आकडा ‘तीन विसा काय’, म्हणजे तीन विसा गाई, असा आहे, आपल्याकडचे जुने लोक मोजायचे तसाच. १६१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळानं, आणखी स्पष्ट केलं: गॅलिक हेच रानटीपणाचं मूळ, ती नष्ट केली पाहिजे आणि त्यासाठी गावोगावी शाळा हव्यात. १७४६ ला कलोडनच्या लढाईत डोंगराळ भागातल्या बंडखोर कुळांचा पराभव झाला आणि त्यानंतर कुळव्यवस्था मोडली. मग जमीनदारांनी मेंढ्यांसाठी माणसं हुसकली आणि गॅलिक बोलणारी गावंच्या गावं कॅनडाच्या बोटींत बसली. १८७२ च्या शिक्षण कायद्यात तर गॅलिकचा उल्लेखसुद्धा नव्हता. तरी १८९१ च्या जनगणनेत अडीच लाखांवर लोक ती बोलत होते. आणि एक गोष्ट तिच्या बाजूनं होती: १७६७ मध्ये नवा करार आणि १८०१ पर्यंत अख्खं बायबल गॅलिकमध्ये छापलं गेलं. शाळेनं हाकललेल्या भाषेला चर्चमध्ये मानाची जागा राहिली. लुइस बेटावरच्या म्हाताऱ्यांचं गॅलिक वाचन आजही बायबलच्या वळणाचं असतं.

स्कॉट्सवर असा कुठला हुकूम सुटला नाही. ती आतून विरघळली. १५६० च्या धर्मसुधारणेनंतर घराघरांत बायबल आलं ते इंग्रजीत. स्कॉट्समध्ये छापील बायबल निघालंच नाही, कारण इंग्रजी वाचता येत होतं. मूळ ग्रीकवरून केलेला स्कॉट्समधला नवा करार छापला गेला १९८३ साली, विल्यम लॉरिमर यांचा. तोवर चारशे वर्षं स्कॉट माणसाचा देव इंग्रजी बोलत होता. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला जाऊन बसला आणि दरबार त्याच्यामागे गेला. १७०७ मध्ये संसदही गेली. अठराव्या शतकात एडिनबराचे विद्वान आपल्या लिखाणात चुकून शिरणाऱ्या स्कॉट शब्दांच्या याद्या करत, गाळून टाकण्यासाठी. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानंही अशी यादी केली. त्याच शतकात बर्न्सनं १७८६ मध्ये किलमार्नकला संग्रह छापून ती भाषा कवितेपुरती वर उचलली. पण शाळेत मुलगा ‘केन’ म्हणाला की मास्तर ‘नो’ म्हण म्हणून दटावत. गॅलिकला सांगितलं, तू परकी आहेस, निघ. स्कॉट्सला सांगितलं, तू भाषाच नाहीस, चुकलेलं इंग्रजी आहेस. तुमच्या शेजारच्या आजीबाई जे बोलल्या ते त्या मास्तरांचं वाक्य आहे. त्या बहुधा स्वतः सुंदर स्कॉट्स बोलत असतील. त्यांच्याशी वाद घालू नका, ऐकून घ्या.

आता ‘स्कॉट्स ही भाषा की बोली’ हा वाद. गोव्यात कोकणी आणि मराठीवरून काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे याचं उत्तर केवळ व्याकरणात मिळत नाही हे वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याची डोरिक आणि लंडनचं इंग्रजी समोरासमोर ठेवलं तर भाषा दोन. पण ग्लासगोचा बसचालक एकाच वाक्यात स्कॉट्सवरून इंग्रजीवर आणि परत जातो, तिथे रेघ कुठे ओढायची? मी तिला भाषाच मानते, कारण तिला स्वतःचं व्याकरण आहे, सहाशे वर्षांचं साहित्य आहे आणि ती न समजल्यानं माझ्यासारखीची फजिती होते. ब्रिटननं २००१ मध्ये अल्पसंख्य भाषांच्या युरोपीय सनदेखाली दोघींनाही मान्यता दिली. गॅलिकसाठी वेगळा कायदा २००५ मध्ये झाला, आणि २०२५ च्या भाषा कायद्यानं स्कॉटलंडमध्ये दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. २०२२ च्या जनगणनेत स्कॉट्स बोलता येते असं सांगणारे सुमारे १५ लाख, आणि गॅलिक बोलणारे सुमारे ७० हजार. २०११ मध्ये हा गॅलिकचा आकडा ५७ हजारांच्या घरात होता. मात्र वाढ शाळांमुळे शहरांत आहे. बेटांवर, जिथे ती चुलीपाशी बोलली जाते, तिथे ती आटते आहे.

शेजारणींनी एकमेकींकडून काय घेतलं, हे विचारलं नसलंत तरी सांगते, कारण खिचडीचा संशय यातूनच येतो. स्कॉट्सनं गॅलिककडून प्रामुख्यानं भूगोल घेतला: लॉख म्हणजे तळं, ग्लेन म्हणजे दरी, बेन (मघाच्या बाईवाचक ‘बेन’हून वेगळा शब्द) म्हणजे शिखर, केर्न म्हणजे दगडांची रास. ‘क्लॅन’ म्हणजे मूळ अर्थानं मुलंबाळं. ‘स्लोगन’ म्हणजे सैन्याची आरोळी. ‘टॉखर’ म्हणजे हुंडा. ‘व्हिस्की’ म्हणजे ‘उश्के बेहा’, जीवनाचं पाणी. त्यातला ‘उश्के’ आपल्या ‘उदक’चा दूरचा नातेवाईक, हे आमच्याकडे पाहुण्यांना ग्लास देताना मी हमखास सांगते. पण रोजच्या बोलण्याच्या मानानं ही शिदोरी लहान आहे. ज्या भाषेचा दर्जा खालचा मानला जातो तिच्याकडून वरची भाषा डोंगर-नद्यांची नावं घेते, व्याकरण घेत नाही. डोरिकमधला तो ‘फ’ गॅलिकमुळे आला असंही सांगतात. मला तो पुरावा कधी पुरेसा वाटला नाही.

आणखी एक गैरसमज. डोंगराळ भागात, बेटांवर लोक ‘जास्त स्कॉट्स’ बोलत असतील असं वाटतं. उलट आहे. तिथली घरं गॅलिकवरून थेट शाळेतल्या इंग्रजीवर गेली, स्कॉट्स मधे आलीच नाही. म्हणून लुइसच्या मच्छीमाराचं इंग्रजी मला पहिल्या दिवसापासून स्वच्छ कळलं आणि ॲबर्डीनच्या टॅक्सीवाल्याचं कळायला वर्ष लागलं. ऑर्कनी-शेटलंडचं पुन्हा तिसरंच. तिथे आधी नॉर्स होती, गॅलिक तिथली भाषा कधी झालीच नाही.

मुलीच्या शाळेचं उत्तर तुमच्या परिस्थितीवर आहे. गॅलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेसला सुरू झाले, आणि ग्लासगोत आज पूर्ण गॅलिक शाळा आहेत. तेव्हा सोयीच्या दृष्टीनं तुम्ही भाग्यवान. पण या शाळांत मुलं पहिलीपासून गॅलिकमध्ये बुडवली जातात. आठव्या वर्षी मधेच प्रवेश मिळेल का, हे शाळेलाच विचारावं लागेल, आणि पाचव्या वर्षाइतकं ते सोपं नाही. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी मी निःशंक हो म्हणेन. फक्त घरात मराठी पक्की ठेवा. शाळेची भाषा शाळा सांभाळते, इंग्रजी टीव्ही सांभाळतो, मराठीला तुमच्याशिवाय कुणी नाही. स्कॉट्ससाठी काहीच करायला नको. मधल्या सुट्टीत ती आपोआप येईल, आणि तुमच्यासमोर बोलायची नाही एवढंही मुलीला आपोआप कळेल. ते कळू देऊ नका.

क्वीन स्ट्रीटच्या पाटीचं राहिलं. खाली लिहिलं आहे ‘स्राच ना बानरिइन’. ‘स्राच’ म्हणजे रस्ता, तो आणि ‘स्ट्रीट’ दोन्ही लॅटिनमधून आलेले. ‘बानरी’ म्हणजे ‘बेन’ अधिक ‘री’: बाई-राजा. ‘री’ हा आपला ‘राजन्’, आणि ‘बेन’ हीच वरच्या ओळीतली ‘क्वीन’, ॲबर्डीनची ‘क्वाइन’ आणि वेदातली ‘जनी’. कवितेचं पहिलं कडवं आणि मुलीला अडलेले शब्द मला पाठवा. बर्न्स एअरशायरचा, त्यामुळे त्यात ‘फिट’ नसेल. पण मुलीची शिक्षिका कुठली आहे ते जरा विचारून ठेवा, उच्चार त्यावर ठरतील.